गेममधलं म्युझिक मध्येच बंद का पडतं? एका बिघाडातून संशोधनपद्धती

पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं की गृहीतक, चल, नियंत्रण, वैधता हे शब्द वहीत येतात. व्याख्या पाठ होतात, पेपरही निघून जातो. पण स्वतःच्या विषयात या शब्दांचं करायचं काय, हे सिनॉप्सिस लिहायला बसेपर्यंत बऱ्याच जणांना कळत नाही. म्हणून आज हे शब्द एका साध्या तक्रारीवर लावून बघू. तक्रार अशी की मोबाइल गेममधलं मागचं म्युझिक मध्येच बंद पडतं.

तुम्ही कॉम्प्युटरवाले नसाल तरी वाचा. कोड एक ओळही येणार नाही. जिथे तांत्रिक गोष्ट येईल तिथे ती आधी साध्या भाषेत सांगतो.

एवढ्याशा गोष्टीने बिघडतं काय?

समजा, तुमचा विषय आहे : पाढे शिकवणाऱ्या मोबाइल गेममध्ये म्युझिक असलं तर मुलं जास्त वेळ टिकून खेळतात का? तुम्ही अमरावती आणि अकोल्यातल्या शाळांमधली ८० मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकून ४० जणांना म्युझिकवाला गेम दिला, ४० जणांना बिनम्युझिकचा. मुलं घरी आईवडिलांच्या फोनवर खेळतात आणि गेम स्वतःच वेळ नोंदवतो.

आता धरून चला की म्युझिकमुळे मूल सरासरी ४ मिनिटं जास्त खेळतं. पण म्युझिकवाल्या ४० पैकी १० मुलांच्या फोनवर म्युझिक वाजलंच नाही. मग तुमच्या तक्त्यात फरक ४ मिनिटांचा दिसणार नाही, ३ मिनिटांचा दिसेल. ३० मुलांचा परिणाम ४० मुलांत वाटला गेला.

हे निदान आकडा कमी करून थांबलं. त्याहून वाईट असं की ते १० फोन कोणते, हे नशिबावर नसतं. कमी मेमरीचे जुने फोन, घरात चार जण वापरतात ते फोन, यांच्यावरच म्युझिक जास्त बंद पडत असेल, तर ‘म्युझिक ऐकलेली मुलं’ म्हणजे बऱ्याच अंशी ‘स्वतंत्र, चांगला फोन मिळणारी मुलं’ होतात. ‘म्युझिक न वाजलेली १० मुलं काढून टाकू’ असं म्हणून तुम्ही हिशोब केला, तर तुम्ही म्युझिक मोजताय की घरची परिस्थिती, हे सांगता येणार नाही. व्हायवाला परीक्षकाने नेमकं हेच विचारलं तर उत्तर काय द्याल?

आणि म्युझिकचा परिणाम खरंच होतो का, की हे उगाच? २००५ साली सिल्व्ही एबेर आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमधून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ तरुण मुलगे, गेम ‘क्वेक ३ अरेना’. काहींना गेममधलं म्युझिक चालू ठेवून खेळवलं, काहींना बंद ठेवून. खेळण्याआधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. खेळ संपल्यावर १५ मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात म्युझिकवाल्या गटाचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. मागचं म्युझिक शरीरापर्यंत पोचू शकतं, एवढं यावरून कळतं. म्हणजे तुमच्या अभ्यासात ते ‘स्वतंत्र चल’ आहे आणि ते चल प्रत्यक्षात चाललं का, ही तुमची जबाबदारी आहे.

‘बंद पडतं’ म्हणजे नेमकं काय?

आपल्या वऱ्हाडात कपाशीची पानं लाल पडली की म्हणतात, ‘लाल्या आला’. पण लाल्या हे लक्षण झालं. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं तरी पान लाल होतं, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होतं, रात्रीची थंडी एकदम वाढली तरी होतं. कारण न बघता फवारणी केली तर पैसा जातो आणि पान लालच राहतं.

‘म्युझिक बंद पडतं’ हाही लाल्याच आहे. अकोल्याचा मित्र फोन करून म्हणतो, “अबे, तुह्या गेमचं म्युझिक मधातच बंद पडून रायलं.” या वाक्यावरून दुरुस्ती सुरू करायची नाही. आधी विचारायचं की यातलं नेमकं काय होतं :

१. म्युझिक सुरूच होत नाही.
२. दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी थांबतं.
३. काहीतरी घडल्यावर थांबतं आणि परत येत नाही.
४. थांबत नाही, पण गाणं संपून पुन्हा सुरू होताना बारीकसा खंड पडतो.
५. एकावर एक दोन म्युझिक वाजल्यासारखा घोळ ऐकू येतो.

पाचही तक्रारी ‘म्युझिक बिघडलं’ या एकाच शब्दात येतात, पण कारणं वेगळी. चौथ्या प्रकारात बहुतेक वेळा फाइल एमपी३ असते. एमपी३ मध्ये आवाज ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवतात. एक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर सुमारे २६ मिलिसेकंदांचा. गाणं नेमकं तुकड्याच्या काठावर संपत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांतता भरली जाते. एकदा ऐकताना ती जाणवत नाही. लूपमध्ये मात्र दर फेरीला ठेच लागते. ऑग व्हॉर्बिस प्रकारच्या फाइलमध्ये गाण्याची अचूक लांबी नोंदलेली असते, म्हणून लूपसाठी गेमवाले ती पसंत करतात.

पाचव्या प्रकारात अनेकदा असं असतं की मुख्य मेनूचा पडदा उघडला की म्युझिक वाजवणारी वस्तू तयार होते आणि पडदा बदलला तरी ती जिवंत ठेवलेली असते. खेळाडू परत मेनूवर आला की दुसरी तयार होते. पहिली चालूच. तीन वेळा मेनूवर गेलात की तीन म्युझिक.

लक्षण नीट लिहिलं की निम्मी कारणं आपोआप गळतात. सिनॉप्सिसमध्ये ‘समस्येचं विधान’ म्हणून जे मागतात ते हेच.

पुन्हा घडवून आणता येतं का?

पुढची पायरी म्हणजे बिघाड मुद्दाम घडवून आणणं. त्यासाठी तक्रार करणाऱ्याकडून या गोष्टी लिहून घ्या : फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, मोकळी जागा, हेडफोन की ब्लूटूथ की फोनचाच स्पीकर, म्युझिक किती सेकंदांनी थांबलं, आणि थांबण्याआधीच्या एका मिनिटात फोनवर काय काय झालं.

एक बाळबोध तपासणी आधी करून टाका. अँड्रॉइडमध्ये रिंगटोनचा आवाज आणि मीडियाचा आवाज वेगवेगळे असतात. रिंगटोन पूर्ण मोठी असूनही मीडियाचा आवाज शून्यावर असू शकतो. ‘फोनचा आवाज फुल आहे न भाऊ’ या उत्तरावर विसंबू नका.

म्युझिक आधी नीट चालत होतं आणि नंतर बिघडलं असेल, तर कोडमधल्या बदलांची यादी काढा. समजा मधे ६४ बदल झाले. एकेक तपासत बसायचं नाही. मधली, म्हणजे ३२ व्या बदलापर्यंतची आवृत्ती चालवून बघा. ती चांगली असेल तर दोष पुढच्या ३२ मध्ये, बिघडलेली असेल तर आधीच्या ३२ मध्ये. अशी दर वेळी निम्मी यादी बाद करत गेलात तर ६ चाचण्यांत दोषी बदल सापडतो.

गृहीतक असं हवं की ते खोटं ठरू शकेल

आता दुसरा प्रकार घेऊ. समजा म्युझिक दर वेळी सहाव्या सेकंदाच्या आसपास तुटतं. तीन मिनिटांचं गाणं, पण वाजतात सहा सेकंद. लूप लावला असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो.

‘फोन स्लो असेल’ हे गृहीतक नव्हे. काहीही घडलं तरी ते खरंच वाटतं. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ साली हाच मुद्दा मांडला होता : जे विधान कुठल्याच निरीक्षणाने खोटं ठरू शकत नाही, ते वैज्ञानिक विधान नाही.

मग नेमकं गृहीतक कसं असेल? अँड्रॉइडमध्ये आवाज वाजवायला वेगवेगळी साधनं आहेत. लांब गाण्यासाठी मीडियाप्लेयर, आणि टाळी, उडी, गोळी अशा छोट्या आवाजांसाठी साउंडपूल. साउंडपूल आवाज आधी पूर्ण उलगडून मेमरीत ठेवतो आणि एका आवाजाला त्यात १ एमबीचीच जागा असते. उरलेलं कापलं जातं. आता हिशोब करा. स्टिरिओ म्हणजे २ वाहिन्या, प्रत्येक नमुना २ बाइटचा, सेकंदाला ४४,१०० नमुने : ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदाला. १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ५.९ सेकंद.

म्हणजे गृहीतक झालं : ‘हे गाणं साउंडपूलमधून वाजतंय आणि १ एमबीच्या मर्यादेला धडकतंय.’ यातून आधीच सांगता येईल असं भाकीत काढा. तेच गाणं मोनो केलं आणि नमुने सेकंदाला २२,०५० केले, तर दर सेकंदाला चौपट कमी बाइट लागतील. मग म्युझिक सहाव्या सेकंदाला न तुटता सुमारे २३.८ सेकंदांना तुटायला हवं.

फाइल बदला, घड्याळ लावा. चोविसाव्या सेकंदाच्या आसपास तुटलं तर गृहीतक तगलं. सहालाच तुटलं तर गृहीतक गेलं, दुसरं शोधा. गंमत बघा, ही चाचणी म्युझिक दुरुस्त करत नाही. ते किती सेकंदांनी बिघडेल हे आधी सांगते. बिघाडाचा आकडा आधी सांगता आला, तर कारण कळलं असं म्हणायला आधार मिळतो. खरी दुरुस्ती मग सोपी आहे : लांब गाणं मीडियाप्लेयरकडे द्या.

जाता जाता मेमरीचाही हिशोब करून ठेवा. तेच तीन मिनिटांचं गाणं पूर्ण उलगडलं तर १,७६,४०० × १८० म्हणजे ३ कोटी १७ लाख बाइटच्या वर जातं, साधारण ३० एमबी. १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल ३ एमबीच्या आत असते. म्हणून युनिटीसारख्या इंजिनात लांब म्युझिकसाठी ‘स्ट्रीमिंग’ निवडतात, म्हणजे गाणं थोडं थोडं उलगडत वाजतं. कमी मेमरीच्या फोनवर हा फरक मोठा ठरतो.

अमरावतीत चालतं, अकोल्यात नाही

आता तिसरा प्रकार : काहीतरी घडल्यावर म्युझिक थांबतं आणि परत येत नाही. समजा अमरावतीत तुमच्या फोनवर सगळं ठीक, अकोल्यात मित्राच्या फोनवर बंद. पहिलं मत लगेच तयार होतं : त्याचा फोन स्वस्तातला, म्हणून.

थांबा. दोन ठिकाणांत फक्त फोनचाच फरक आहे का? माणूस वेगळा, वापरायची सवय वेगळी, अँड्रॉइडची आवृत्ती वेगळी, हेडफोन वेगळा. इतके फरक एकत्र असताना एकाकडे बोट दाखवणं म्हणजे नियंत्रण प्लॉट न ठेवता खताचा निकाल जाहीर करणं. तो निकाल अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कोणी मान्य करेल का?

इथे ‘ऑडिओ फोकस’ समजून घ्यावा लागेल. फोनमध्ये स्पीकर एक आणि बोलणारी ॲप्स अनेक. म्हणून अँड्रॉइडने बोलण्याच्या पाळीसारखी व्यवस्था ठेवली आहे. ज्याला आवाज करायचा त्याने फोकस मागायचा. दुसऱ्याने मागितला की पहिल्याला निरोप जातो. निरोपाचे मुख्य प्रकार तीन : ‘थोडा वेळ गप्प बस’, ‘आवाज जरा कमी कर’ आणि ‘तुझी पाळी संपली’. पहिल्या दोन प्रकारांत दुसऱ्याचं काम झालं की ‘आता तू बोल’ असा परतीचा निरोप येतो. तिसऱ्या प्रकारात परतीचा निरोप येतच नाही. खेळाडू गेममध्ये परतला की ॲपने स्वतःहून पुन्हा फोकस मागायचा असतो.

मग गृहीतक असं : ‘आपला गेम तिन्ही निरोपांना एकसारखंच वागवतो. म्युझिक थांबवतो आणि परतीच्या निरोपाची वाट बघत बसतो.’ भाकीत : फोन कॉल येऊन गेला तर म्युझिक परत येईल, कारण ती तात्पुरती अडवणूक आहे. पण मधे जाऊन गाण्याच्या किंवा व्हिडिओच्या ॲपमध्ये काही वाजवलं, तर परत आल्यावर म्युझिक येणार नाही. आणि हे दोन्ही फोनांवर सारखंच घडेल.

तक्ता दोन बाय दोनचा : अमरावतीचा फोन, अकोल्याचा फोन, कॉल, व्हिडिओ. चारही घरं भरा आणि प्रत्येक घर निदान पाच वेळा. दोन्ही फोनांवर कॉलनंतर म्युझिक आलं आणि व्हिडिओनंतर आलं नाही, तर ‘स्वस्त फोन’वालं मत गेलं. फरक फोनचा नव्हता, वापरण्याचा होता. अमरावतीत तुम्ही गेम तपासताना मधे व्हिडिओ बघत नव्हता, अकोल्याचा मित्र बघत होता. आणि घरात चार जणांच्या हातात फिरणाऱ्या फोनवर काय होत असेल? मूल पाढे खेळतंय, मधेच कोणीतरी फोन घेऊन व्हिडिओ बघितला, फोन परत दिला. म्युझिक गेलं.

समजा उलट झालं आणि एकाच फोनवर बिघाड दिसला, तर आता फोनमधले फरक एकेक करून तपासा. एका वेळी एकच चल.

‘चालू आहे’ असं दिसणं आणि ऐकू येणं

गेमला विचारलं, ‘म्युझिक चालू आहे का?’ तर तो ‘हो’ म्हणेल. मीडियाचा आवाज शून्यावर असला तरी ‘हो’च म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीने गाणं पुढे सरकतंय. तुम्हाला मोजायचं आहे ते मुलाला म्युझिक ऐकू आलं का, आणि मोजताय ते गाणं पुढे सरकलं का. कोर्सवर्कमध्ये ‘मापनाची वैधता’ म्हणून जे शिकवतात ते इथे उभं आहे.

म्हणून नोंद करताना तीन गोष्टी एकत्र ठेवा : गाणं चालू होतं का, मीडियाचा आवाज किती होता, फोकस कोणाकडे होता. आपल्या टेबलावरच्या फोनसाठी सोपा मार्ग आहे. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून एडीबी या साधनाने ‘डम्पसिस ऑडिओ’ ही आज्ञा दिली की या क्षणी फोकस कोणत्या ॲपकडे आहे ते दिसतं. लॉगकॅटमध्ये घटना वेळेसकट दिसतात. अंदाजापेक्षा ही नोंद कधीही बरी.

कारण आपल्या कोडबाहेरही असतं

एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ब्राउझरची ६६ वी आवृत्ती आली. वापरणाऱ्याने पानाला हात लावल्याशिवाय आवाज आपोआप सुरू होऊ द्यायचा नाही, असा नियम तिने आणला. नको असलेल्या जाहिरातींच्या गोंगाटासाठी नियम चांगला. पण वेबवरचे कित्येक गेम पान उघडताच आवाज सुरू करत होते, ते मुके झाले. त्यांच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं. गेमवाल्यांनी ओरड केल्यावर मे महिन्यात गूगलने वेब ऑडिओपुरता तो नियम मागे घेतला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ७१ व्या आवृत्तीत पुन्हा लावला. तेव्हापासून वेब गेममध्ये ‘खेळा’ या बटणावर बोट पडल्यावरच म्युझिक सुरू करायचं, ही पद्धत सुरक्षित.

अँड्रॉइडमध्येही असंच. ऑडिओ फोकस पाळणं पूर्वी ॲपच्या मर्जीवर होतं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ठरावीक परिस्थितीत यंत्रणा स्वतःच पहिल्या ॲपचा आवाज हळूहळू उतरवते. म्हणजे तोच गेम, तोच कोड, पण ११ वर वेगळं वागणं आणि १२ वर वेगळं. तुमचा अभ्यास सहा महिने चालला आणि मधे फोन अपडेट झाले, तर तुमचं साधन नकळत बदललं. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत आवृत्ती साठवा.

दुरुस्त झालं म्हणजे सिद्ध झालं का?

नाही. दुरुस्ती काढून बघा. बिघाड परत आला पाहिजे. पुन्हा लावा, बिघाड गेला पाहिजे. दुरुस्ती काढल्यावरही म्युझिक नीट चालत असेल तर बरं होण्याचं कारण दुसरंच होतं, आणि ते उद्या पुन्हा उलटेल. आंद्रेआस झेलर या संशोधकाने ‘व्हाय प्रोग्राम्स फेल’ या पुस्तकात बिघाड शोधण्याची मांडणी अशीच वैज्ञानिक पद्धतीने केली आहे : निरीक्षण, गृहीतक, भाकीत, प्रयोग, आणि पुन्हा. कॉम्प्युटरच्या पोरांनी ते जरूर मिळवून वाचावं.

शेवटी डेटाचा प्रश्न उरतो. ज्या मुलांच्या फोनवर म्युझिक वाजलं नाही त्यांचं काय करायचं? हा निर्णय आकडे बघितल्यावर घ्यायचा नाही, डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवायचा. एक सरळ मार्ग असा की मूल ज्या गटात चिठ्ठीने आलं त्याच गटात मोजायचं, म्युझिक वाजो न वाजो. फरक थोडा कमी दिसेल, पण चिठ्ठीचा निष्पक्षपणा टिकेल. सोबत किती सत्रांत म्युझिक प्रत्यक्ष वाजलं, हा आकडा द्यायचा आणि वाजलेल्या सत्रांचं वेगळं विश्लेषण ‘पूरक’ म्हणून मांडायचं. हे सगळं सिनॉप्सिसमध्येच असलं तर आरआरसीसमोरही बोलायला सोपं जातं.

आता तुमच्या विषयाकडे वळा. तुमचा विषय मातीचा असो, मराठी बोलींचा असो की बँकेच्या कर्जाचा, एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा. माझ्या अभ्यासातलं ‘म्युझिक’ कोणतं, म्हणजे जे चाललं असं मी धरून चाललोय? ते चाललं नाही तर मला कसं कळेल? न चालण्याचं एक कारण आणि त्या कारणाचं आकड्यातलं भाकीत काय? आणि न चाललेल्या नोंदींचं काय करायचं, हे मी आज ठरवलंय का?

चौथ्या ओळीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गाइडकडे जाण्याआधी तेवढं ठरवून जा.